सोपाऱ्याहून सिगिरियाला: शाळेच्या मुलांना इतिहास बघायला परदेशी न्यायचं तर

मी वसईतल्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवते आणि आत्तापर्यंत दोनदा नववीच्या मुलांना घेऊन श्रीलंकेला जाऊन आलेय. तेव्हापासून कुठल्या ना कुठल्या शाळेतल्या बाईंचा नाहीतर सरांचा फोन येतोच, की कसं जमवलंत, कागद काय लागले, पालक तयार कसे झाले. दरवेळी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

देश ठरवायच्या आधी आपलं गाव बघा

आमच्या पहिल्या मीटिंगला पालकांनी दुबई, सिंगापूर अशी नावं काढली होती. छान देश आहेत, पण मुलं तिथे जाऊन मॉल बघतात आणि परत येतात. माझं म्हणणं एवढंच होतं की ज्याचा धागा आपल्या घराजवळून निघतो असा देश घ्या, म्हणजे मुलांना तिथे उभं राहिल्यावर "हे तर आपल्याकडचंच" असं वाटायला पाहिजे, नाहीतर नुसते दगड बघून दुसऱ्या दिवशी कंटाळतात.

आमचा धागा नालासोपाऱ्याचा. महावंस या जुन्या पाली ग्रंथात विजय नावाच्या राजपुत्राची गोष्ट आहे, वडिलांनी हाकलून दिलेला हा पोरगा जहाजातून निघाला आणि आधी सुप्पारकाला, म्हणजे आपल्या सोपाऱ्याला उतरला, तिथे त्याच्या माणसांनी धिंगाणा घातला म्हणून तिथूनही निघावं लागलं आणि मग तो लंकेला पोचला. दंतकथा आहे, मान्य, पण विरार लोकलमध्ये लटकणाऱ्या पोराला हे सांगितलं की तो कान टवकारतो. पुढे सम्राट अशोक. त्याच्या शिलालेखाचा सोपाऱ्याला सापडलेला तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, आणि परंपरेनुसार त्याच अशोकाचा मुलगा महेंद्र आणि मुलगी संघमित्रा लंकेला गेले. तिसरा धागा पोर्तुगीजांचा. १५०५ च्या सुमारास लंकेच्या किनाऱ्याला लागलेल्या पोर्तुगीज ताफ्याचा म्होरक्या लोरेंसो द आल्मैदा १५०८ मध्ये कुठे मारला गेला? आपल्या चौलच्या लढाईत, अलिबागजवळ. हे कळल्यावर आमच्या वर्गातले लोपीस आणि डिमेलो एकदम सरसावून बसले.

तुमचा धागा वेगळा असेल. संभाजीनगरची शाळा असेल तर अजिंठा आहेच, त्याबद्दल खाली लिहिलंय.

बाकी श्रीलंका सोयीची पण आहे, मुंबईहून कोलंबो साधारण अडीच तास, घड्याळ आपलंच, आणि सार्क देशांच्या पासपोर्टवर अनुराधापुर, सिगिरिया, पोलोन्नरुव या मोठ्या ठिकाणांचं तिकीट बाकीच्या परदेशी लोकांपेक्षा बरंच कमी लागतं. फक्त खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो.

कधी जायचं

इथे बऱ्याच शाळा फसतात, कारण दिवाळीच्या सुट्टीत जायचं असं गृहीत धरलेलं असतं. आपला पाऊस तेव्हा संपलेला असतो पण तिकडे उत्तरेच्या आणि मधल्या भागात ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच पाऊस असतो, आणि आपल्याला बघायची ती जुनी शहरं सगळी तिथेच. एप्रिलमध्ये ऊन मरणाचं आणि १३-१४ एप्रिलला त्यांचं नवीन वर्ष, तेव्हा अर्धा देश बंद. आम्ही दोन्ही वेळेला जानेवारीच्या शेवटी गेलो, गॅदरिंग आटोपल्यावर. हेडबाई आधी कुरकुरल्या, पण दहावीची मुलं नव्हती म्हणून जमलं.

अजून एक, कॅलेंडरमध्ये पौर्णिमा बघा. तिथे दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, पोया म्हणतात, देवळांत तुफान गर्दी. मुलांना ती गर्दी दाखवायची असेल तर मुद्दाम त्या दिवशी अनुराधापुरात रहा, नाहीतर टाळा. मधलं काही नाही.

कागदपत्रं, म्हणजे खरं डोकं इथे खर्च होतं

सहा महिने आधी सुरू करा. मुलांमध्ये निम्म्यांकडे पासपोर्ट नसतोच, आणि ज्यांच्याकडे असतो त्यातल्या काहींचा संपत आलेला असतो, कारण लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षांचा असतो आणि प्रवासाच्या तारखेनंतर निदान सहा महिने तो व्हॅलिड लागतो. अर्जाला दोन्ही पालकांच्या सहीचं डिक्लेरेशन लागतं, ॲनेक्शर डी म्हणतात त्याला. घरात एकच पालक असेल किंवा दुसऱ्याची सही मिळण्यासारखी नसेल तर ॲनेक्शर सी. ही गोष्ट वर्गासमोर विचारू नका, पालकांना वेगळं बोलवून विचारा, मी पहिल्या वर्षी ग्रुपवर विचारलं आणि एका मुलीच्या आईला फार वाईट वाटलं, अजून मला ते बोचतं.

जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एक आहे का ते पहिल्या आठवड्यात तपासा. एका मुलाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव नुसतं इनिशियलने होतं, ते दुरुस्त करायला अडीच महिने गेले आणि पासपोर्ट सहलीला निघायच्या चार दिवस आधी हातात पडला.

शाळा अनुदानित असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी आधी, तिकीट नंतर. उलटं करू नका. त्याशिवाय प्रत्येक मुलासाठी दोन्ही पालकांच्या सहीचं, नोटरी केलेलं इंग्रजी संमतीपत्र, त्यात सोबत जाणाऱ्या शिक्षकांची नावं आणि पासपोर्ट नंबर. दोन प्रती, एक लीडरच्या पिशवीत, एक दुसऱ्या शिक्षकाकडे. श्रीलंकेला जायला ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी लागते, ती त्यांच्या सरकारच्याच साइटवरून काढा. हुबेहूब दिसणाऱ्या दलालांच्या साइट आहेत, त्या उगाच जास्त पैसे उकळतात. फीचे नियम बदलत असतात म्हणून निघायच्या महिनाभर आधी परत एकदा बघा.

पैसे

आमचा दुसऱ्या सहलीचा माणशी खर्च सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या मध्ये आला, आठ दिवस, सात रात्री, विमान धरून. तुमचा आकडा वेगळा येईल. टूर कंपनीकडून घेतलंत तर परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे बिलातच आगाऊ घेतलेला कर, कापतात, तो इन्कमटॅक्स रिटर्न भरताना पालकांना धरता येतो, पण त्यासाठी पावती पालकांच्या पॅनवर पाहिजे. शाळेच्या नावाने एकच बिल घेतलं की सगळं अडकतं.

कंपनीशी बोलताना लेखी लिहून घ्या: "शॉपिंग स्टॉप नाही". पहिल्या वर्षी आमच्या कंपनीने (नाव नाही घेत) पोलोन्नरुवचे दोन तास कमी करून आम्हाला मसाल्याच्या बागेत आणि मग रत्नांच्या शोरूममध्ये नेऊन बसवलं. नववीची पोरं नीलम बघत बसली होती! गाइडला तिथे कमिशन असतं हे नंतर कळलं. दुसरी अट लायसनवाल्या नॅशनल गाइडची. तिथे गाइडची लायसन वेगवेगळी असतात, गाडी चालवणारा शोफर-गाइड पण मिळतो, पण चोवीस मुलांना एकच माणूस गाडी चालवून इतिहास सांगणार हे काही खरं नाही.

प्रमाण आम्ही सहा मुलांमागे एक मोठा ठेवलं, त्यात निदान दोन बाया.

तयारीचे सहा शनिवार

हे गाळलंत तर सहल म्हणजे नुसती पिकनिक. आम्ही सहा शनिवार घेतले. पहिला सोपाऱ्याच्या स्तूपावर, दुसरा वसईच्या किल्ल्यात, तिसरा मुंबईच्या म्युझियममध्ये, बाकीचे वर्गात.

वर्गात एक मूल एक जागा अशी वाटणी केली. म्हणजे एकाला जेतवनाराम, एकीला गल विहार, एकाला आरसा-भिंत, आणि त्या जागेवर पोचल्यावर गाइड गप्प बसणार आणि ते मूल चार मिनिटं बोलणार. मराठीत. कागद बघायचा नाही. गाइडने नंतर चूक दुरुस्त करायची. ही एक गोष्ट आमची सगळ्यात चालली, कारण मित्र बोलत असला की मुलं ऐकतात, आपण बोलत असलो की फोन काढतात. वहीत प्रत्येक जागेसाठी तीनच प्रश्न: हे कोणी बांधलं, पैसा आणि मजूर कुठून आले, आणि इथे कोणाबद्दल काहीच लिहिलेलं नाही.

युद्धाबद्दल पण आधी बोला. १९८३ ते २००९ तिथे यादवी होती, ज्या माणसाच्या गाडीत आपण बसणार त्याने ती पाहिलेली असते. "तुम्ही सिंहली का तमिळ" असं पोरांनी तोंडावर विचारायचं नाही हे सांगून ठेवा. आणि रावणाच्या जागा का नाहीत असं पालक विचारतातच. मी सांगते की तो श्रद्धेचा विषय आहे, त्यासाठी वेगळी यात्रा काढा, आठ दिवसात दोन्ही होत नाही.

रस्ता असा लावा

पहिल्या दिवशी कोलंबोत थांबू नका. एअरपोर्ट शहराच्या उत्तरेला कटुनायकेला आहे, तिथून थेट अनुराधापुर, चार-साडेचार तास. बसमध्ये मुलं झोपतात, बरंच आहे.

अनुराधापुरला पूर्ण दिवस द्या आणि सकाळी लवकर निघा. बोधिवृक्षापासून सुरुवात, संघमित्रेने इ.स.पू. तिसऱ्या शतकात आणलेल्या फांदीचं झाड म्हणून लोक तिथे येतात, तपासणी होते, चपला बाहेर. मग रुवनवेलिसाय, दुट्टगामणी राजाचा पांढराशुभ्र स्तूप. तिथे आम्हाला त्यांच्या शाळेची मुलं भेटली, सगळी पांढऱ्या गणवेशात, हातात कमळाच्या कळ्या. एक मुलगी कळीची बाहेरची पाकळी अलगद उलटी दुमडत होती, मग दुसरी, मग तिसरी, आणि अर्ध्या मिनिटात कळीचं फूल झालं. आमची श्रावणी तिच्या शेजारी जाऊन बसली, भाषा कोणालाच येत नव्हती, पण दहा मिनिटांनी हिच्याही हातात तसंच फूल. गाइड घाई करत होता, मी त्याला हाताने थांबवलं.

जेतवनाराम मात्र नीट समजावून दाखवा. महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या शेवटी सुरू केलेला विटांचा स्तूप, मूळची उंची साधारण १२२ मीटर, त्या काळच्या जगात गिझाच्या दोन पिरॅमिडनंतरची सगळ्यात उंच वास्तू. आता ७१ मीटरच्या आसपास उरलाय. सोपाऱ्याचा स्तूप आधी पाहिला असेल तर मुलं आपोआप तुलना करतात. संध्याकाळी मिहिंतले, महेंद्राची आणि देवानंपिय तिस्स राजाची भेट झाली ती टेकडी, पायऱ्या भरपूर आहेत, गुडघेदुखीवाल्या शिक्षकांनी खाली थांबावं.

दुपारी बारानंतर अनवाणी चालायचा दगड तव्यासारखा तापतो. जाड मोजे चालतात, प्रत्येकाच्या पिशवीत एक जोड ठेवायला लावा.

तिसरा दिवस दंबुल्लाच्या लेण्यांचा आणि मुक्काम सिगिरिया गावात. चौथ्या दिवशी सकाळी गेट उघडतं तेव्हा तुम्ही गेटवर पाहिजे. सिगिरियाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण आख्खी सहल मी याच्याभोवती बांधते. कश्यप राजाने बाप धातुसेनाला मारून गादी घेतली आणि सावत्र भाऊ मोग्गल्लान परत येईल या धास्तीत ही १८० मीटर उंच पाषाणाची राजधानी केली, काळ ४७७ ते ४९५. आता फळ्यावर शेजारी लिहा: अजिंठ्याची वाकाटक हरिषेणाच्या काळातली लेणी, साधारण ४६० पासून पुढे. म्हणजे आपल्याकडे वाघूर नदीकाठी चित्रकार भिंत लिंपत होते जवळजवळ त्याच पिढीत इकडे कोणीतरी कड्याला लटकून स्त्रिया रंगवत होतं. आणि अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात सिंहल नावाचा व्यापारी लंकेवर चढाई करतो ते चित्र आहे, हत्ती जहाजात उभे आहेत बघा! त्याची मोठी रंगीत प्रिंट आम्ही बरोबर नेली होती आणि वर चढायच्या आधी बागेतल्या तळ्याकाठी बसून मुलांना दाखवली.

चित्रांच्या कपारीत फोटो काढायला बंदी आहे. कुरकुर होते, पण मी त्याचा फायदा घेते: दोन मिनिटं नुसतं बघा, खाली उतरल्यावर आठवून काढा. साहिलने काढलेल्या चित्रात बाईला सहा बोटं आली, सगळे हसले, मग कोणीतरी म्हणालं की अरे, ढग पण होते ना खाली? आणि वाद सुरू झाला की त्या ढगातून वर आल्यात का त्यांचं कमरेखालचं काढलंच नाही. त्यावर अभ्यासकसुद्धा भांडतात, अप्सरा का राण्या का अजून कोणी.

पुढे आरसा-भिंत. एकेकाळी इतकी गुळगुळीत की तोंड दिसायचं, आणि त्यावर हजार-बाराशे वर्षांपूर्वी आलेल्या पर्यटकांनी त्या स्त्रियांबद्दल सिंहलीत कविता कोरून ठेवल्यात, सहाशेहून जास्त वाचल्या गेल्यात. ज्याने वर्गाच्या बाकावर कर्कटकने नाव कोरलं होतं त्यालाच ही जागा दिली होती. छान बोलला. "पण आता कोरायचं नाही, पोलीस धरतात" असंही स्वतःच म्हणाला.

चढताना आरडाओरडा अजिबात नको, कड्यावर माश्यांची पोळी आहेत आणि शांत रहा अशा पाट्या लावलेल्या आहेत, त्या शोभेच्या नाहीत. माकडं हातातली बिस्किटं ओढतात. उंचीची भीती वाटणाऱ्या मुलाला ढकलू नका, शेवटच्या जिन्याशी सिंहाचे मोठे पंजे आहेत, तिथपर्यंत आलं तरी पुष्कळ झालं, वर न गेलेल्यांबरोबर एक शिक्षक तिथेच बसवा.

पाचवा दिवस पोलोन्नरुव. इथे चोळांचं शंकराचं दगडी देऊळ आणि बौद्ध वटदागे, म्हणजे स्तूपाभोवतीचं गोल देऊळ, पायी दहा मिनिटांच्या अंतरात, तेव्हा राज्यं बदलली की देव कसे बदलतात हे पुस्तकाशिवाय समजतं. चोळ १०७० मध्ये गेले, नंतर पराक्रमबाहूने (११५३ ते ११८६) समुद्र म्हणावा असा तलाव बांधला, अजून पाणी देतोय. गल विहारला आडव्या बुद्धासमोर शेवटी जा, उन्हं कलताना.

सहावा कॅन्डी, दंतमंदिर, म्हणजे बुद्धाचा दात ठेवलाय ते देऊळ, संध्याकाळच्या पूजेला. २ मार्च १८१५ च्या करारात हे राज्य इंग्रजांकडे गेलं आणि शेवटच्या राजाला आपल्या वेल्लोरला आणून ठेवलं, तो तिथेच वारला. सातव्या दिवशी लांबचा प्रवास, गॉल. किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यावर आतल्या बाजूला डच कंपनीचं चिन्ह आणि १६६९ साल, बाहेरच्या बाजूला इंग्रजांचं. वसईच्या मुलांना तट बघितल्या बघितल्या ओळखीचा वाटला. इथे आमचा खेळ असतो, पोर्तुगीज शब्द शोधा: पावाला तिथे पान, बादलीला बाल्दिय, कपाटाला अल्मारिय, आणि दुकानांच्या पाट्यांवर परेरा, फर्नांडो, सिल्वा, मेंडिस. जास्त शब्द आणेल त्याला आइस्क्रीम.

शेवटच्या दिवशी विमानाआधी कोलंबोचं राष्ट्रीय संग्रहालय, १८७७ चं. सगळं बघू नका, दोनच वस्तू. एक कॅन्डीच्या राजाचं सिंहासन. दुसरी गॉलचा त्रैभाषिक शिलालेख, चिनी दर्यावर्दी झेंग हे याने १४०९ मध्ये कोरून घेतलेला, चिनी मजकुरात बुद्धाला दान, तमिळमध्ये विष्णूच्या रूपातल्या स्थानिक देवाला, फारसीत अल्लाला. आणि १९११ मध्ये तो सापडला तेव्हा गॉलमध्ये गटारावर झाकण म्हणून पडला होता. हे ऐकल्यावर एकजण म्हणाला, "बाई, आपल्या किल्ल्यात पण बघूया का गटारावर?"

खाणं आणि रात्री

शाकाहारी मुलं असतील तर एक शब्द पाठ करा: उंबलकड. सुकवलेला मासा, मालदीव फिश म्हणतात, आणि तो खोबऱ्याच्या सांबोलात नि भाजीत सुद्धा भुगा करून घालतात. "व्हेज" म्हटलं तरी असतो, कारण त्यांच्या लेखी तो मसालाच. पहिल्या सहलीत आमची एक जैन मुलगी दोन दिवस तेच खात होती, कळल्यावर रडली, आणि चूक आमची, आम्ही विचारलंच नव्हतं. आता प्रत्येक हॉटेलला आधीच लेखी कळवतो आणि तरी टेबलावर परत विचारतो. इंदिआप्पा म्हणजे तांदळाच्या शेवया, आप्पा म्हणजे वाटीसारखी आंबोळी, परिप्पू म्हणजे मसूर डाळ, यावर मुलं मजेत राहतात. घरून मेतकूट आणि लिंबाचं लोणचं न्या, मोठ्यांसाठी.

बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही, हा नियम रोज सकाळी बसमध्ये सांगायचा. गुडघे-खांदे झाकलेले कपडे. अंगावर बुद्धाचा टॅटू असलेल्या शिक्षकाला घरीच ठेवा, त्यावरून परदेशी लोकांना परत पाठवलंय.

पासपोर्ट मुलांकडे द्यायचे नाहीत, एकाच मोठ्या माणसाकडे, आणि सगळ्यांचे फोटो तीन फोनमध्ये. ओडोमॉस, ओआरएस, मुलांच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. ॲम्ब्युलन्सचा नंबर १९९०, फुकट आहे, भारताच्या मदतीने सुरू झालेली सेवा. पोलीस ११९. पालकांना रोज रात्री नऊला एकच मेसेज आणि एकच ग्रुप फोटो, बास, नाहीतर रात्रभर शिक्षकांचे फोन वाजतात. प्लग बऱ्याच ठिकाणी चौकोनी तीन पिनचा, दोन-तीन ॲडॉप्टर आणि एक मोठा एक्स्टेन्शन बोर्ड पुरतो.

आल्यावर

आठवड्याभरात हिशोब बिलांच्या फोटोंसकट पालकांच्या ग्रुपवर टाका, उरलेले पैसे परत करा, पुढच्या वर्षीची परवानगी मिळणं यावरच ठरतं. आणि पुढच्या रविवारी मुलांना घेऊन परत वसईच्या किल्ल्यात जा, या वेळी त्यांनी आठवीच्या मुलांना फिरवायचं. आम्ही गेलो तेव्हा तो गटारवाला खरंच प्रत्येक मोरीवरचा दगड उलटून बघत होता. काही सापडलं नाही, एक विंचू निघाला, तेवढा जपा.